बाळंतपणातली आकडी आणि आमची थोरली

माझी थोरली मुलगी मेलेली जन्मली. ज्या घरात असं नुकतंच घडलंय, त्या घरातल्या बाईसाठी आणि तिच्या माणसांसाठी मी हे लिहिते आहे. डॉक्टरी ज्ञान माझ्याजवळ नाही. माझ्या अंगावर काय आलं, घरच्यांनी काय केलं, आणि त्यातून आम्ही कसे उठलो, एवढंच मला सांगता येईल. काही ठिकाणी वाचवणार नाही. तिथे पान उलटावं.

सूज

माझं माहेर मसुऱ्याचं. सन पन्नासनंतरच्या त्या वर्षांत मी लग्न होऊन आचऱ्याला आले. आमचे हे गावच्या शाळेत मास्तर. घरात सासूबाई आणि थोरले दीर. त्यांना मी भावोजी म्हणत असे. भावोजींची बायको माझ्या लग्नाआधीच बाळंतपणात गेली होती, पोटातल्या पोरासकट. त्यांनी परत लग्न केलं नाही. माडांची, आंब्याच्या कलमांची राखण करायचे आणि दिवसभरात चार शब्द बोलायचे.

मला आठवा महिना लागला आणि पायांवर सूज आली. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. मग हात सुजले, मग तोंड. बांगड्या साबण लावूनही मनगटावरून उतरेनात. सासूबाईंना त्याचं कौतुक. शेजारणींना बोलावून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "झील आसा पोटात. झिलाच्या येळेक अशीच सूज येता." झील म्हणजे मुलगा. मलाही बरं वाटायचं. नव्या सुनेला घरात मान मिळतो तो असल्याच गोष्टींनी.

त्यानंतर डोकं दुखायला लागलं. कपाळाच्या आत कोणीतरी पहार घालतंय असं. डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तांदूळ निवडताना दाणे नाचताना दिसायचे. सासूबाईंनी सुंठ उगाळून कपाळाला लावली. ह्यांना मी सांगितलं नाही, कारण बाईमाणसाचं दुखणं पुरुषाला काय सांगायचं, असंच मला शिकवलेलं होतं.

म्हणून पहिली गोष्ट ही. पोटुशी बाईचं तोंड आणि हात सुजले, डोकं फुटायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे आले, की त्याच दिवशी तिला दवाखान्यात न्या. पोटातल्या पोराची हालचाल मंदावली तरी न्या. शेजारणींना विचारत बसू नका.

पडवीत

मागच्या पडवीत आडाळ्यावर, म्हणजे आमच्याकडच्या विळीवर, बसून मी नारळ खवत होते. दुपारची वेळ. हातातल्या नारळाच्या एका वाटीच्या दोन वाट्या दिसायला लागल्या, एवढंच मला आठवतं. पुढचं मला नंतर सांगितलेलं आहे.

मी तशीच पुढे कोसळले. आडाळ्याच्या पात्याने हात मनगटापासून कोपरापर्यंत फाडला. अंग लाकडासारखं ताठ झालं, मग हातपाय आपटायला लागले. जीभ दातांत सापडली आणि तोंडातून रक्ताचा फेस आला. सासूबाई किंचाळल्या तसे भावोजी अंगणातून धावत आले. त्यांची बायको गेली ती ह्याच पडवीत, अशीच आचके देत. त्यांच्या मनाने घेतलं होतं की घरात काहीतरी आहे आणि ते पोटुशी बाईला धरतं. ते गेले आणि घाड्याला घेऊन आले. घाडी म्हणजे आमच्याकडचा बाधा उतरवणारा माणूस.

मी शुद्धीवर आले ती नाकातोंडात मिरचीचा धूर घेऊन. माझे केस कोणाच्या तरी मुठीत गुंडाळलेले होते आणि मान मागे ओढलेली होती. पाठीवर वेताची छडी बसत होती. माझ्या पायांवर भावोजी बसले होते, दोन्ही गुडघे दाबून. निखाऱ्यांचं घमेलं सासूबाईंच्या हातात होतं.

मी कोण, कुठून आले, असं घाडी विचारत होता. "कोण तू? खंयसून इलंस?"

मी म्हटलं, मी इंदू. पण जीभ फाटली होती. आवाज भलताच आला. घोगरा आणि माझा नसलेला. त्यांना वाटलं, बोलतंय ते दुसरंच कोणीतरी. म्हणून तो आणखी जोराने मारायला लागला. जितक्यांदा मी माझं नाव सांगितलं तितक्यांदा मार बसला. पोटात बाळ लाथा झाडत होतं. खूप जोराने. ते मला स्वच्छ आठवतं, कारण त्यानंतर ते कधी हललं नाही.

शाळा अर्धवट टाकून हे आले. वाटेत कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी घाड्याची मान धरली आणि त्याला पडवीवरून अंगणात फेकलं. घमेल्याला लाथ मारली, तशी निखारे सासूबाईंच्या पायांवर उडाले. भावोजी मला सोडेनात. तेव्हा ह्यांनी भिंतीशी टेकवलेलं मुसळ उचललं आणि सख्ख्या भावाच्या खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळलेली काठी मोडावी तसा.

दोघे अंगणात पडले आणि कुत्र्यांसारखे भांडले. ह्यांचं नाक फुटलं. भावोजी खाली पडल्यापडल्या एका हाताने ह्यांचा सदरा धरून रडत होते. "अरे, ती मरतली! तुझी बायल मरतली!" असं ते पुनःपुन्हा ओरडत होते.

मला दुसरी आकडी आली ती तेव्हा.

मालवण

गावातल्या माणसांनी मला डोलीत घालून मालवणला नेलं. वाटेत खाडी. तरीच्या होडीत चढवताना डोली कलली आणि मी पाण्यात जायची ती वाचले, असं हे सांगत. माझ्या दातांमध्ये फडकं गुंडाळलेला लाकडी डाव होता. तो चावून चावून मी त्याचा चुरा केला होता.

दवाखान्यातली खोली काळोखी ठेवलेली. मला खाटेला फडक्यांनी बांधलं होतं. आकडीत पडू नये म्हणून. सुया टोचल्या जात होत्या. हळूहळू माणसं ओळखू यायला लागली. डॉक्टरीणबाई घाटावरच्या होत्या. जाड्या आणि तुटक बोलणाऱ्या. त्यांनी एक लाकडी नळी माझ्या पोटावर ठेवली आणि तिला कान लावला. नळी हलवली, परत कान लावला. मग पोटाच्या दुसऱ्या अंगाला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

त्यांनी नळी काढली आणि सरळ सांगितलं, "बाळाचा ठोका लागत नाही. बाळ गेलंय. आता तुला वाचवायचं, आणि त्यासाठी तुला बाळंत व्हावं लागणार."

मी त्यांना मारलं. एक हात फडक्यातून सुटला होता. त्याने मी त्यांच्या तोंडावर मारलं, चष्मा खाली पडला. लाथेने खाटेशेजारचं भांडं उडवलं. हाताच्या जखमेचे टाके तुटले. दोघीतिघींनी मला दाबून धरलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा उचलून पुसला आणि म्हणाल्या, मारायचं ते नंतर मार, आता माझं काम करू दे.

ती बाई माझ्याशी खोटं बोलली नाही, ह्यासाठी मी तिला जन्मभर मानलं. ज्यांच्यावर अशी बातमी सांगायची वेळ येते त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. गोल गोल बोलू नका. बाईला पोटातून कळलेलंच असतं.

मेलेल्या मुलाच्या कळा कमी नसतात. कोणीतरी मला म्हणालं होतं की जीव नसला की त्रास होत नाही. ते खोटं आहे. हाडं उसवतात, अंग फाटतं, सगळं तसंच होतं. फक्त शेवटी कोणी रडत नाही.

तोंड बघणं

तोवर सासूबाई येऊन पोचल्या होत्या. भाजलेले पाय फडक्यात बांधून, बैलगाडीने. त्या दारातून आत आल्या आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या की पोर मागच्या दाराने न्या, आईने बघता कामा नये. बघितलं तर ते जात नाही, पुढच्या पोराला धरतं. आमच्याकडे तशीच रीत होती.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला विचारलं, "इंदू, तुला बघायचंय?"

मी हो म्हटलं. त्यांनी फडक्यात गुंडाळलेली मुलगी माझ्या कुशीत ठेवली. सासूबाई झेपावल्याच. फडक्याचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. दोघी ओढायला लागलो. अर्धमेली मी आणि भाजलेली ती म्हातारी. मध्ये ते पोर. माझ्या हातातलं रक्त फडक्यावर गळत होतं. फडकं सुटलं आणि तिचं तोंड उघडं पडलं.

काळेभोर जावळ होतं. नखं होती. हनुवटी ह्यांचीच. ओठ तेवढे काळेनिळे.

सासूबाईंचा हात तिथेच थांबला. मग त्यांनी एक बोट पुढे करून तिची टाच शिवली. कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "माझे तीन गेले. येकाचांय तोंड माका दाखवल्यांनी नाय."

आणि त्यांनी खाटेच्या लोखंडी दांडीवर कपाळ आपटायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, धाडधाड. रक्त नाकापर्यंत आलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना मागून मिठी मारून धरलं. नवऱ्याजवळ, पोराजवळ, शेजारणीजवळ, कोणाजवळही त्यांनी त्या तिघांचं दुःख कधी बोलून दाखवलं नव्हतं. ते रडं इतकी वर्षं आत साचलं होतं आणि ते असं बाहेर आलं.

शांत झाल्यावर त्यांनी ऊन पाणी मागितलं. स्वतःच्या हाताने नातीला आंघोळ घातली, कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, जिवंत पोराला घालतात तशी. मग ह्यांना आत बोलावलं. ह्यांनी तिला घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. किनाऱ्याजवळच्या एका उंडीच्या झाडाखाली त्यांनी तिला पुरलं. मी चालायला लागल्यावर मला तिथे नेलं.

मी तिला बघितलं नसतं तर मी वेडी झाले असते, असं मला आजही वाटतं. एखादीला बघायचं नसेल, तर तेही तिचंच. पण विचारा तिला. तिच्या वतीने दुसऱ्या कोणी ठरवू नये.

घर

घरी आल्यावर मला दूध आलं. ते येतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. छाती दगडासारखी झाली, ताप भरला. शेजारच्या घरात कोणाचं पोर रडलं की पोलकं भिजायचं. सासूबाई पंचा करकचून बांधायच्या आणि स्वतःच रडायच्या.

लोक येत. दुसरं होईल म्हणत. देवाची इच्छा म्हणत. चेडूच होतं ना, म्हणजे मुलगीच, असंही एकीने म्हटलं. मी उठले, कोयता घेतला आणि माळ्यावरून काढून ठेवलेला पाळणा पडवीत तोडायला लागले. फणसाचं लाकूड, लवकर तुटेना. घाम निथळेपर्यंत घाव घातले. ती बाई कधी पळाली ते मी बघितलं नाही. सासूबाई बाजूला उभ्या होत्या. त्यांनी मला अडवलं नाही. शेवटचे तुकडे त्यांनीच उचलून चुलीत घातले.

ह्यांच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. बाईला निदान चार बायका भेटायला येतात. बापाने दुसऱ्या दिवशी शाळेत जायचं असतं. हे जात होते, येत होते, जेवत होते. आणि एके दिवशी पाढा चुकला म्हणून त्यांनी एका मुलाला छडी तुटेपर्यंत मारलं. पोराची पाठ फुटली.

त्याचा बाप मासे मारणारा होता. संध्याकाळी तो वल्हं घेऊनच आमच्या अंगणात आला. उंच, काळा, छाती वरखाली होत असलेला. मी दारात होते. मला वाटलं, आता हा ह्यांना मारून टाकणार. हे पायरी उतरून त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. हात खाली सोडून.

त्याने वल्हं पायाशी टेकवलं. मग म्हणाला, "मास्तर, तुमचां पोर गेलां, ह्यां माका ठावक आसा. पण माझ्या पोरान काय केल्यान?"

हे मटकन तुळशीपाशी खाली बसले आणि ओरडून रडायला लागले, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असे. त्या माणसाने वल्हं फेकलं आणि तो त्यांच्या शेजारी जमिनीवर बसला. काळोख पडेपर्यंत बसला होता. ह्यांना त्या दुःखात कोणी सोबत केली असेल तर ती त्यानेच. दुसऱ्या दिवशी ह्यांनी शाळेत सगळ्या मुलांसमोर त्या पोराची माफी मागितली, आणि त्यानंतर वर्गात छडी ठेवली नाही.

भावोजी

खांदा मोडल्यावर भावोजी घर सोडून देवगडकडे एका कलमांच्या बागेत राखणीला राहिले. दोन्ही भाऊ एकमेकांचं नाव काढत नव्हते.

काही वर्षांनी मला परत दिवस राहिले. तोवर साठ साल उलटून गेलं होतं. या वेळी पहिल्या महिन्यापासून मालवणला जाऊन डॉक्टरीणबाईंना दाखवत होते. त्या दंडाला पट्टा बांधून रक्ताचा दाब बघायच्या, लघवी तापवून तपासायच्या, आणि मीठ खाल्लं म्हणून शिव्या घालायच्या. सातव्यात दाब चढायला लागला. त्यांनी सांगितलं, आता घरी राहायचं नाही, इथे माझ्या डोळ्यांसमोर पडून राहायचं.

निघायच्या वेळी पावसाने रस्त्यातली मोरी खचली आणि एस.टी. बंद पडली. काय करावं ह्या विचारात आम्ही असताना अंगणात बैलगाडी आली. पेंढा आणि गोधडी घातलेली. हाकायला भावोजी. एक खांदा खाली गेलेला. त्यांना कोणाकडून कळलं ते माहीत नाही. ह्यांच्याकडे न बघता म्हणाले, "मालवणाक पोचवतंय."

माझ्या गुडघ्यांवरचे ते हात मला आठवले. पोटावर हात ठेवून मी त्यांच्यापर्यंत गेले आणि त्यांच्या तोंडात मारली. मोठ्या दिराच्या, चार माणसांत. मग आणखी एक. हात दुखेपर्यंत मारलं. कोणी मला धरलं नाही. भावोजींनी मान वळवली नाही, गाल पुसला नाही.

"झालां?" त्यांनी विचारलं. "आता बस."

मी बसले. हे गाडीत माझ्या मागे बसले, सासूबाई पुढे. लांबच्या वाटेने, खड्डा आला की खाली उतरून चाक हाताने उचलत, भावोजींनी गाडी खाडीपर्यंत नेली. तरीवर सामान चढवताना दोघा भावांनी एकच पेटी दोन बाजूंनी धरली. त्यानंतर सणाला भावोजी घरी येऊ लागले.

दुसरी

दवाखान्यात दिवस सारखेच असतात. सकाळी पट्टा, मग पोटाला नळी, मग अळणी पेज. डाव्या कुशीवर पडायचं आणि बाळ कितीदा हललं त्याच्यावर ध्यान ठेवायचं. ते दुपारचं झोपलं की मी पोटाला बोटाने ढोसून उठवायचे. भीती जात नाही. कोणी म्हणालं की या वेळी सगळं चांगलं होईल, तर त्या माणसाचा गळा धरावासा वाटायचा. डॉक्टरीणबाई तसं कधी म्हणाल्या नाहीत. त्या म्हणायच्या, आजचा ठोका चांगला आहे. मला तेवढं पुरायचं.

एके सकाळी पट्टा सोडताना त्यांचं तोंड बदललं. दिवस भरायला अवकाश होता, पण आता थांबायचं नाही म्हणाल्या. कळा आणल्या. दुपारपर्यंत मी बाळंत झाले.

खोलीत आवाज नव्हता.

मी मान उचलून बघितलं. मुलगी होती, निळी आणि लुळी, धुतलेल्या कापडासारखी त्यांच्या हातातून लोंबत होती. त्यांनी बोटाने तिच्या तोंडातला चिकटा काढला, तिला पायांना धरून उलटी केली आणि पाठीवर चापट मारली. मग तळव्यांवर. चट, चट, चट. मी ओरडायला लागले, कारण मला तो आवाज सहन होईना.

बाहेर व्हरांड्यात सासूबाई होत्या. त्यांना काय ऐकू आलं, तर मारल्याचा आवाज आणि माझ्या किंकाळ्या. त्यांनी दारावर अंग टाकलं. जुनी कडी, ती तुटली. पांढऱ्या केसांची ती बाई हातात छत्री उगारून आत आली. "मारू नको तिका!" म्हणत तिने छत्री डॉक्टरीणबाईंच्या पाठीत घातली. बाईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांनी पोराच्या तोंडावर तोंड ठेवून फुंकर घातली आणि परत तळव्यावर चापट मारली.

मुलगी रडली. बारीक, चिडकी, मांजराच्या पिल्लासारखी.

सासूबाईंच्या हातातली छत्री खाली पडली. त्या खाटेचा पाय धरून जमिनीवर बसल्या आणि तोंड उघडं टाकून ऐकत राहिल्या. डॉक्टरीणबाई स्वतःची पाठ चोळत म्हणाल्या की आजीबाई, मारत होते ते पोराला, तुमच्या सुनेला नाही.

पोर श्वास घ्यायला क्षणभर थांबलं. खोली पुन्हा गप्प झाली. तशा सासूबाई ताडकन उठल्या आणि डॉक्टरीणबाईंचा दंड घट्ट धरून म्हणाल्या,

"गप रवलां तां. आजून येक मार."